प्रॉव्हांसच्या किनाऱ्यावरील निसर्गोद्याने

प्रॉव्हांसच्या किनाऱ्यावरील निसर्गोद्याने : फ्रान्सच्या आग्नेय भागात, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने पसरलेली संरक्षित भू-क्षेत्रे व सागरी क्षेत्रे. पश्चिमेकडील ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशापासून पूर्वेकडील येरच्या बेटांपर्यंतच्या सु. १६० किमी. टापूत कामार्ग प्रादेशिक निसर्गोद्यान, मार्से शहरालगतचे कलांक राष्ट्रीय उद्यान व पोर-क्रो राष्ट्रीय उद्यान ही तीन प्रमुख उद्याने आहेत. दलदल, चुनखडीचे कडे आणि बेटे अशी त्यांची भूरूपे परस्परांहून अगदी वेगळी आहेत. तथापि तिन्ही उद्याने हजारो वर्षांच्या मानवी वस्तीच्या प्रदेशात आहेत. बांध, मिठागरे, किल्ले, खाणी आणि कारखाने यांच्या सान्निध्यात येथील निसर्ग घडला. त्यामुळे येथील संरक्षणाचा इतिहास हा निर्मनुष्य अरण्य राखण्याचा नसून, माणसाने आधीच बदललेली भूमी पुढे कोणत्या स्वरूपात व कोणासाठी राखावयाची, या वादाचा इतिहास आहे.

कामार्ग : आर्ल शहराच्या किंचित वर ऱ्होन नदीचे दोन फाटे होतात. पूर्वेकडील थोरली ऱ्होन व पश्चिमेकडील धाकटी ऱ्होन यांच्या बेचक्यातील सु. ७५० चौ. किमी.चा सखल प्रदेश म्हणजे कामार्ग. त्याच्या मध्यभागी व्हाकारेस हे सु. ६५ चौ. किमी. विस्ताराचे उथळ खारकच्छ असून त्याची खोली २ मी.पेक्षा कमी आहे. येथे पर्जन्यापेक्षा बाष्पीभवन अधिक असल्याने जमिनीतील क्षार वर येतात. नदीचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी यांचा तोल जसा बदलेल, तशी येथील वनस्पती व पक्षी यांची वस्ती बदलते. करड्या-पांढऱ्या रंगाचे घोडे व काळे बैल यांचे कळप या खारवट माळांवर चरतात. प्रॉव्हांस भाषेचा कैवारी कवी व पशुपालक फॉल्को द बारोंचेल्ली (१८६९–१९४३) याने या कळपांच्या व घोडेस्वार गुराख्यांच्या परंपरांना प्रतिष्ठा मिळवून दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नदी आपले पात्र बदलत असे व पुराच्या पाण्याबरोबर गाळ सर्वत्र पसरवीत असे. १८४० व १८५६ मधील महापुरांनंतर अभियंत्यांनी हा प्रदेश बांधांनी वेढण्याचे ठरविले. १८५९ मध्ये दक्षिणेकडील समुद्रबांध पूर्ण झाला. नदीकाठचे बांधही पुढील दशकात पुरे होत आले. अशा रीतीने त्रिभुज प्रदेश पूर व भरती या दोहोंपासून तोडला गेला. यापुढे त्यात किती पाणी घ्यावयाचे, कोठून घ्यावयाचे व केव्हा बाहेर सोडावयाचे, हे माणूस ठरवू लागला. याच सुमारास आग्नेय कोपऱ्यातील सालँ-द-झिरो येथे रसायनउद्योगासाठी मोठी मिठागरे उभी राहिली. उत्तरेकडे द्राक्षमळे वाढले. फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींचा विध्वंस केला, तेव्हा वाफे पाण्याखाली बुडवून कीड मारण्याचा उपाय कामार्गमध्ये सहज करता येत होता. म्हणून अन्यत्र मळे उजाड होत असताना येथे मात्र त्यांचा विस्तार झाला.

कामार्गमधील संरक्षणाचा आरंभ शासनाने केला नाही. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय अनुकूलन संस्थेने (परदेशी प्राणी व वनस्पती देशात रुजविणे हा या संस्थेचा मूळ हेतू होता) १९२७ मध्ये व्हाकारेस परिसराची मालक असलेल्या रसायन कंपनीशी करार करून तेथे प्राणी व वनस्पती यांसाठी राखीव क्षेत्र निर्माण केले. मिठाच्या उत्पादनासाठी घेतलेली विस्तीर्ण जमीन कंपनीला त्या वेळी पूर्णपणे लागत नव्हती, हे या कराराच्या मुळाशी होते. उद्योगाच्या न वापरलेल्या जमिनीवर पक्ष्यांना आश्रय मिळाला. पुढे १९७२ मध्ये ही जमीन शासनाकडे आली व १९७५ मध्ये सु. १३,००० हेक्टरांच्या या क्षेत्रास राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धाने कामार्गच्या शेतीचे रूप पालटले. युद्धकाळात फ्रेंच शासनाने इंडोचायनातून सु. २०,००० मजूर फ्रान्समध्ये आणले होते. त्यांतील व्हिएतनामी शेतकऱ्यांच्या काही तुकड्या १९४१ नंतर कामार्गमध्ये भातलावणीस जुंपण्यात आल्या. धान्यटंचाईच्या त्या काळात त्यांच्या कौशल्यावर येथील भातशेतीचा पाया घातला गेला. युद्धानंतर तिचा विस्तार झपाट्याने होऊन १९६० च्या सुमारास तिने कळस गाठला. त्या मजुरांचे ऋण मात्र दीर्घकाळ अनुल्लेखित राहिले. भातशेतीचा निसर्गावरील परिणाम दुहेरी झाला. ऱ्होनचे गोडे पाणी खाचरांत खेळविल्याने जमिनीतील क्षार खाली दबून राहतात; ते पाणी थांबले तर बरीच जमीन पुन्हा खारवट होईल. उलटपक्षी, खाचरांतून वाहून गेलेले पाणी खते व कीटकनाशके घेऊन व्हाकारेसकडे येते आणि खारकच्छाची मूळची क्षारता बिघडविते. शेतकरी व निसर्गरक्षक यांच्यातील बहुतेक वाद या पाण्याभोवती फिरले आहेत.

स्विस पक्षिविज्ञ ल्यूक हॉफमान (१९२३–२०१६) याने १९५४ मध्ये व्हाकारेसच्या पूर्वेस तूर-द्यू-व्हाला येथे संशोधन केंद्र सुरू केले. १९६२ मध्ये सँत-मारी-द-ला-मेर या कामार्गमधील गावी पाणथळ प्रदेशांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत आरंभिलेल्या विचारविनिमयातून २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ प्रदेशांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर (२०२०) व ठाण्याची खाडी (२०२२) यांची नावे याच करारान्वये यादीत आली. कामार्ग स्वतः १९८६ मध्ये या यादीत समाविष्ट झाले.

याच काळात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, प्रश्न गंभीर झाला. फ्रान्समध्ये या पक्ष्याची वीण कामार्गमध्येच होत असे; परंतु १९६० नंतरच्या दशकात ती जवळजवळ थांबली. धूप होऊन घरट्यांची बेटे खचली होती व पक्ष्यांना निर्वेध जागा उरली नव्हती. तेव्हा १९७० मध्ये फांगासिए या मिठागरातील तलावात एक कृत्रिम बेट उभारण्यात आले आणि पक्ष्यांना आकर्षित करण्यासाठी त्यावर मातीची घरटीही रचण्यात आली. १९७४ मध्ये रोहित पक्षी तेथे स्थिरावले. त्यानंतर कित्येक वर्षी १०,००० हून अधिक जोड्यांनी तेथे वीण केली. १९७७ पासून पिलांच्या पायांत सांकेतिक कडी घालण्यास सुरुवात झाली. ती कडी पुढे स्पेन, इटली व उत्तर आफ्रिका येथील पाणथळींत वाचली गेल्याने भूमध्य समुद्राभोवतीच्या सर्व वसाहती परस्परांशी जोडलेल्या आहेत, हे सिद्ध झाले. जो पक्षी रानटी निसर्गाचे प्रतीक म्हणून ओळखला जातो, त्याची येथील वीण मिठागरातील पाण्याच्या नियंत्रित पातळीवर व माणसाने रचलेल्या मातीच्या बेटावर अवलंबून राहिली होती.

१९६३ मध्ये फ्रेंच शासनाने पश्चिमेकडील लांगडॉक किनाऱ्यावर नवी पर्यटननगरे वसविण्याची योजना हाती घेतली. पूर्वेस फॉसच्या आखातात १९६५ नंतर पोलाद व तेलशुद्धीकरण यांचे प्रचंड औद्योगिक क्षेत्र व बंदर आकार घेऊ लागले. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या कामार्गचे स्वतंत्र रूप टिकावे म्हणून २५ सप्टेंबर १९७० रोजी प्रादेशिक निसर्गोद्यान स्थापन झाले. राष्ट्रीय उद्यानापेक्षा त्याचे स्वरूप वेगळे आहे. त्यात गावे, शेते, कुरणे व मिठागरे आहेत. सक्तीच्या निर्बंधांऐवजी स्थानिक संस्था व शासन यांनी मान्य केलेली आणि ठराविक मुदतीने नव्याने ठरविली जाणारी सनद हाच त्याच्या कारभाराचा आधार होय.

पोर-क्रो : येरच्या किनाऱ्यासमोरील पोर-क्रो हे सु. ७०० हेक्टरांचे डोंगराळ बेट. चाच्यांच्या व शत्रूंच्या भयामुळे त्यावर किल्ले बांधण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्याच्या प्रॉव्हांसवरील चढाईच्या वेळी या किल्ल्यांभोवती लढाई झाली. लष्करी महत्त्व व वस्तीची विरळता यांमुळे तेथील सदाहरित ओकवृक्षांचे रान बऱ्याच अंशी वाचले. विसाव्या शतकात बेटाचा मोठा भाग मार्सेल आंरी व त्याची पत्नी मार्सलीन यांच्याकडे होता. बेटाचे नैसर्गिक रूप अबाधित राहील या अटीवर त्यांनी तो शासनास दिला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९६० मध्ये संमत झाला होता. त्यानुसार १४ डिसेंबर १९६३ रोजी पोर-क्रो हे फ्रान्सचे दुसरे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. भूमीबरोबरच सभोवारचे ६०० मी. रुंदीचे समुद्रक्षेत्रही त्यात अंतर्भूत करण्यात आले. सागरी क्षेत्राला अशा प्रकारे संरक्षण देणारे हे यूरोपातील पहिल्या उद्यानांपैकी एक होय.

या निर्णयाचे मोल पुढे ध्यानात आले. येथील सागरतळावर पॉसिडोनिया या सपुष्प वनस्पतीची कुरणे आहेत. माशांची पिले त्यांत वाढतात, तळाची वाळू धरून ठेवली जाते व लाटांचा जोर कमी होऊन किनाऱ्याची धूप टळते. तिचे खोड अत्यंत मंद गतीने वाढत असल्यामुळे नौकेच्या नांगराने उपटलेले कुरण भरून येण्यास पिढ्या लागतात. १९८८ मध्ये फ्रान्सने या वनस्पतीस कायद्याचे संरक्षण दिले. भाल्याने केलेल्या पाणशिकारीमुळे किनाऱ्यावर दुर्मिळ झालेला तपकिरी ग्रूपर मासा पोर-क्रोभोवती मोजकाच उरला होता. संरक्षणानंतर त्याची संख्या शेकडोंवर गेली. लहान नौकांतून चालणारी परंपरागत मासेमारी मात्र नियमांच्या चौकटीत चालू ठेवण्यात आली. शेजारच्या पॉरकरॉल बेटाचा बराचसा भाग शासनाने १९७१ मध्ये विकत घेतला. २०१२ मध्ये या बेटाचाही उद्यानाच्या मुख्य क्षेत्रात समावेश करण्यात आला.

कलांक : मार्से व कासी यांच्या दरम्यान चुनखडीच्या शुभ्र कड्यांत समुद्र चिंचोळ्या खाड्यांनी आत शिरला आहे, या खाड्यांना कलांक म्हणतात. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मी. खाली होती व किनारा बराच दूर होता. पाणबुड्या आंरी कॉस्केर याला १९८५ मध्ये सापडलेल्या व १९९१ मध्ये प्रकाशात आलेल्या गुहेने त्याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. तिचे प्रवेशद्वार आज समुद्रपातळीखाली ३७ मी. असून आतील भिंतींवर हातांचे ठसे व प्राण्यांची चित्रे आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सु. २७,००० वर्षांपूर्वीची मानतात.

एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर शिशाचे व सोड्याचे कारखाने निघाले. कासीनजीकच्या पोर-मियू खाडीत चुनखडीची खाण होती. तिच्या विस्ताराविरुद्ध १३ मार्च १९१० रोजी मार्सेच्या गिर्यारोहक व पदभ्रमण मंडळांनी हजारो नागरिकांसह निदर्शने केली. फ्रान्समधील निसर्गरक्षणाच्या आरंभीच्या लोकचळवळींत या घटनेची गणना होते. शहरातील सामान्य कुटुंबे रविवारी ज्या कड्यांवर फिरावयास जात, ते कडे आपले आहेत, ही भावना तिच्यामागे होती. १९२३ मध्ये कलांक समिती स्थापन झाली व १९७५ मध्ये या प्रदेशास संरक्षित स्थळाचा दर्जा मिळाला. दीर्घ वाटाघाटींनंतर १८ एप्रिल २०१२ रोजी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. त्याच्या मुख्य क्षेत्रात सु. ८,५०० हेक्टर भूमी व सु. ४३,५०० हेक्टर समुद्र येतो.

उद्यान झाल्याने जुने प्रश्न संपले नाहीत. १९६० नंतरच्या दशकात गार्दान येथील ॲल्युमिना कारखान्याची तांबडी माती नळाने कासीसमोरील खोल सागरी दरीत सोडण्यास सुरुवात झाली होती. लक्षावधी टन गाळ तळाशी साचला. घन गाळाचे हे विसर्जन २०१५ च्या अखेरीस, म्हणजे उद्यानाच्या स्थापनेनंतर तीन वर्षांनी, बंद झाले. दुसरा प्रश्न गर्दीचा. स्यूजितोन या खाडीत उन्हाळ्यात दररोज सु. २,५०० लोक येत व त्यांच्या पायांखाली उतारावरची माती सुटून झाडांची मुळे उघडी पडत. २०२२ च्या उन्हाळ्यापासून तेथील प्रवेश दिवसाकाठी ४०० व्यक्तींपुरता मर्यादित करून त्यासाठी विनामूल्य पूर्वनोंदणी आवश्यक करण्यात आली. ज्या शहरवासीयांच्या चळवळीने हे कडे वाचविले, त्यांच्याच संख्येला मर्यादा घालावी लागली.

सद्यःस्थिती : १९७५ मध्ये स्थापन झालेली किनारा-संरक्षण संस्था जमिनी विकत घेऊन त्या बांधकामापासून कायमच्या मुक्त ठेवते. कामार्गमधील मिठाचे उत्पादन घटल्यावर या संस्थेने २००८ ते २०१२ या काळात सालँ-द-झिरो येथील सु. ६,५०० हेक्टर मिठागरे खरेदी केली. तेथील समुद्रालगतचे बांध यापुढे सर्वत्र दुरुस्त करावयाचे नाहीत, लाटांनी फोडलेल्या ठिकाणी समुद्राला आत येऊ द्यावयाचे, असे धोरण स्वीकारण्यात आले. समुद्राची पातळी चढत आहे. वरच्या खोऱ्यातील धरणे व वनीकरण यांमुळे ऱ्होनचा गाळही पूर्वीइतका येत नाही. त्यामुळे किनारा कित्येक ठिकाणी मागे हटत आहे. फारामानचा जुना दीपस्तंभ समुद्राने कधीच गिळला आहे, तर सँत-मारी हे एके काळी किनाऱ्यापासून आत असलेले गाव आज दगडी धक्क्यांच्या आधाराने उभे आहे.

या धोरणाने पाणथळींना भरतीचे पाणी पुन्हा मिळाले व क्षारप्रिय वनस्पती परतू लागल्या. रोहित पक्षी मात्र फांगासिए सोडून वीणीसाठी पश्चिमेकडील एग-मॉर्त येथील चालू मिठागरांकडे वळले. मिठागरांवर उपजीविका करणाऱ्या सालँ-द-झिरोच्या रहिवाशांच्या दृष्टीने बांध सोडून देणे म्हणजे पूर्वजांचे श्रम व गावाची सुरक्षितता यांवर पाणी सोडणे होय. शास्त्रज्ञांच्या मते मोकळी दलदल हाच वादळी लाटा झेलणारा टिकाऊ अडसर ठरेल. १८५९ मध्ये बांधाच्या रूपाने घेतलेल्या निर्णयाचा फेरविचार आज येथे चालू आहे व त्यात उद्यानाची सनद, शेतकरी, मच्छीमार आणि ग्रामस्थ या सर्वांना वाटा आहे.