मत्स्यशेतीच्या सांडपाण्यावरील सूक्ष्मशैवाल संवर्धन

मासे किंवा कोळंबीच्या तलावांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर एकपेशीय शैवाल वाढवण्याची पद्धत. माशाला घातलेल्या खाद्यातील नायट्रोजनापैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच त्याच्या अंगी लागतो. उरलेला पाण्यात उतरतो, त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात. माशाला घातक असलेला हा अमोनिया शैवाल मात्र नायट्रेटच्या आधी उचलते.

विष्ठा व उरलेल्या खाद्याचा गाळ आधी निवळून काढावा लागतो. पाणी गढूळ असेल तर उजेड आत पोचत नाही. गोड्या पाण्यात क्लोरेला, खाऱ्या पाण्यात नॅनोक्लोरॉप्सिस किंवा टेट्रासेल्मिस वाढवतात. हौद जेमतेम 20 ते 30 सेंमी खोल असतो आणि पात्यांचे चाक त्यातले पाणी फिरते ठेवते. भर उन्हात शैवाल पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड इतक्या वेगाने ओढते की सामू 9 च्या वर जातो. मग शिल्लक अमोनियमचा विषारी मुक्त अमोनिया होऊ लागतो. असे पाणी तसेच माशांत परत सोडले तर मासे दगावतात.

खरी अडचण काढणीची. लिटरभर पाण्यात कोरडे शैवाल बहुधा ग्रॅमभरही भरत नाही आणि काही मायक्रोमीटरच्या पेशी कापडातून सहज निसटतात. सेंट्रिफ्यूजला वीज फार लागते. तुरटीने साका खाली बसतो, पण त्यात ॲल्युमिनियम राहते आणि खाद्य म्हणून त्याचा उपयोग अवघड होतो.

यावरचा सर्वांत समंजस तोडगा इस्राएलमध्ये तांबड्या समुद्राकाठच्या एलात येथे निघाला. मुकी श्पिगेल, अमीर नेओरी व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या रचनेत माशांच्या तळ्यातील हिरवे पाणी थेट शिंपल्यांकडे जाते. शिंपले पेशी गाळून खातात. म्हणजे काढणीही होते आणि विकण्याजोगा मालही तयार होतो. शिंपलेही अमोनिया सोडतात, म्हणून शेवटच्या हौदात उल्व्हा हे मोठे समुद्रशैवाल ठेवले जाते.

कालवे व तिसऱ्या आवडीने खाणाऱ्या कोकणात ही रचना विशेष विचारात घेण्याजोगी आहे. खाडीकाठी कोळंबीची तळी आहेतच. मात्र पावसाळ्यात खाडीच्या पाण्याची क्षारता झपाट्याने उतरते, आणि ते शिंपल्यांना मानवत नाही. शिवाय शिंपल्यांच्या अंगात पाण्यातले जिवाणूही साठतात, त्यामुळे विक्रीपूर्वी त्यांना काही काळ स्वच्छ, निर्जंतुक पाण्यात ठेवणे आवश्यक असते.