परसबागेत काळपट ‘ब्लॅक चेरी’ टोमॅटो : मुळशीत लागवड पाऊस संपल्यावरच

लवासा (ता. मुळशी) : चेरी टोमॅटो म्हटलं की गोड लागणारी लाल फळं डोळ्यांसमोर येतात. ‘ब्लॅक चेरी’ हा अमेरिकेतला वाण वेगळा आहे. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, रंग काळपट तपकिरी. तव्यावर लसणासोबत भाजून ठेचा करता येतो.

दासवे, मुगाव, धामणओहोळ या पट्ट्यात पावसाळ्यात टोमॅटो लावू नये. संततधारेत पानांवर करपा येतो आणि मुळं कुजतात. सप्टेंबरअखेर पडवीत, वळचणीचं पाणी लागणार नाही अशा जागी रोप टाकावं. बी साधारण आठवड्यात उगवतं. २५ दिवसांचं रोप भातकापणीच्या सुमारास लावलं की फुलं थंडीत येतात आणि चांगली धरतात. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की फूलगळ होते.

जागा नसेल तर १५ किलोचा तेलाचा रिकामा डबाही चालतो. बुडाला भोकं पाडा. निम्मी लाल माती, निम्मं कुजलेलं शेणखत भरा. वेल माणसापेक्षा उंच जातो, त्यामुळे बांबू किंवा कारवीची काठी रोवून सुतळीने बांधा, बगलफुटी खुडत राहा. पाणी एक दिवस भरपूर आणि मग चार दिवस काहीच नाही, असं केलं तर फळ तडकतं, बूडही काळं पडतं. पांढरी माशी दिसली की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

बहुतेकांची फसगत होते ती तोडणीत. हे फळ पिकलं तरी त्यातला हिरवा रंग पूर्ण जात नाही, तोच लालात मिसळून तपकिरी दिसतो. देठाजवळचा हिरवट भाग तसाच राहतो. लाल व्हायची वाट बघत बसलात तर फळ वेलावरच मऊ होऊन गळेल. रंग गडद झाला आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबलं, की तोडा.

हा वाण संकरित नाही, म्हणून बी घरी धरता येतं. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असेल तर मात्र ते बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तशीच फळं येत नाहीत. निरोगी वेलाची पिकलेली फळं निवडा, गरासकट बी थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, धुऊन सावलीत वाळवा. कोरड्या बाटलीत ठेवलेलं बी तीन-चार वर्षं उगवतं.