नेम, खेळ आणि पाळणाघर

गोल्फ हा काही आपल्या मराठी घरांतला गप्पांचा विषय नव्हे. पण बाईने खेळावर पोट भरायचे आणि संसारही करायचा, हे कसे जमवतात याचा इतिहास त्या खेळात फार स्वच्छ दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अमेरिकेच्या नॅन्सी लोपेझने 1978 मध्ये, आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात, नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या पाच लागोपाठ. पुढे तिला तीन मुली झाल्या आणि 1985 व 1989 मध्ये तिने एलपीजीए चॅंपियनशिप पुन्हा जिंकली. या बायकांचे गाव दर आठवड्याला बदलते. तान्हे मूल कुठे ठेवायचे? 1993 मध्ये स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनेच फिरते पाळणाघर सुरू केले. स्पर्धा जाईल तिथे पाळणाघर जायचे. मला विचाराल तर नऊ विजयांपेक्षा ही बातमी मोठी. कर्तबगार बाई एखादी असतेच. तिच्या मुलाची सोय करणारी संस्था विरळा.

2009 मध्ये स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यूने दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आपल्याकडे तेव्हा बाळंतिणीला डिंकाचे लाडू सुरू असतात! तिची पिशवी वाहणारा कॅडी म्हणजे तिचा नवराच.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची अंजली वेदपाठक कीर्ती कॉलेजात एनसीसीमध्ये बंदूक हातात घेऊन या वाटेला लागली. नेमबाजी आणि गोल्फ मला एका जातीचे वाटतात: धावपळ नाही, सगळी लढाई स्वतःच्या श्वासाशी. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या काळी बायकांना अशा चाळीस गोळ्या झाडाव्या लागत. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती वाईल्ड कार्डवर गेली आणि अंतिम फेरीत पोहोचली. ऑलिंपिकच्या नेमबाजीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

त्याच वर्षी लग्न होऊन ती भागवत झाली. आपल्या समाजात इथे गोष्ट संपते. कात्रणे फाईलमध्ये, फाईल माळ्यावर. तिची मात्र इथून पुढे बहरली. 2002 मध्ये मॅंचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके, त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, म्युनिकला पुरुषांसह झालेल्या स्पर्धेत 'चॅंपियन ऑफ चॅंपियन्स', मग खेलरत्न. 2004 आणि 2008 ची ऑलिंपिकही ती खेळली. मूल झाले ते या तिन्ही ऑलिंपिकनंतर. हा निर्णय ज्याचा त्याचा, त्यावर मी बोलू नये. पण दोन बातम्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे वाटते. तिकडे 1993 पासून पाळणाघर आहे. आपल्याकडे खेळाडू आईचा भार घरच्यांनी उचलला तर उचलला, नाही तर खेळ सुटला.

शाळेत शिकवत असताना मी खो-खोच्या पोरी पाहिल्या. खांब मारून वळताना त्यांचे पाय दिसायचे नाहीत असा वेग. दहावी-बारावी झाली की पत्रिका यायची. मी अक्षता टाकून यायचे, जेवून यायचे. त्यातली एकही पुढे मैदानावर दिसली नाही. आई-बापांना दोष देत नाही. खो-खोने घर चालेल असे तेव्हा कोण म्हणणार?

घरच्यांनी भार उचलला की काय होते हे टोकियोत दिसले. 2021 मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तिची पिशवी घेऊन चालणारी कॅडी होती तिची आई. 2016 ला रिओमध्ये हे काम वडिलांनी केले होते.

आपल्या गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर संध्याकाळी फेरी मारली की पायऱ्यांवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या आया दिसतात. समोर लेकी धावत असतात. त्यातल्या एकीला मी विचारले, "तुम्ही खेळायचात का हो?" ती म्हणाली, "खेळायचे ना बाई, लंगडी जिल्ह्यापर्यंत." आणि पुन्हा मुलीकडे बघायला लागली.