ढकलपास आणि हातच्याची वजाबाकी

पूर्वपक्ष सगळ्यांना पाठ आहे. शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरवले, पोरांच्या मनातला परीक्षेचा धाक गेला आणि पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येईनासे झाले. ‘ढकलपास’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढे कोणी काही विचारत नाही. संसदेलाही हे पटले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तोच मार्ग धरला.

हे मत मांडणाऱ्यांना मी हसणार नाही. त्यातल्या अनेकांची हयात फळ्यासमोर गेली आहे आणि त्यांना जे दिसते ते खरेच आहे. सातवीतले पोर जोडाक्षराशी अडखळते. लक्षण बरोबर ओळखले आहे, रोगाचे नाव मात्र चुकले आहे.

आधी सनावळी पाहू. २००९ चा हा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ पाहणी २००५ पासून सुरू आहे. कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. २००६ मध्ये देशभरातल्या ग्रामीण पाचवीतली शंभरातली सुमारे ५३ मुले ती गोष्ट वाचू शकत होती. म्हणजे उरलेल्या सत्तेचाळीस जणांना कायदा लागू होण्याच्या चार वर्षे आधीच ती वाचता येत नव्हती. प्रतिपक्ष म्हणेल, बऱ्याच राज्यांत खालच्या वर्गांत नापास न करण्याची प्रथा तेव्हाही होतीच. होती. मग २००९ च्या कायद्याने नवे असे काय बिघडवले, तेही त्यांनीच सांगावे.

प्रतिपक्षाच्या हातात एक आकडा मात्र आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०१० ते २०१२ या दोन वर्षांत हेच प्रमाण सुमारे ५४ वरून ४७ वर घसरले. कायदा आला आणि घसरण झाली, एवढे पुरावा म्हणून पुरेसे मानायचे असेल, तर पुढचेही मानावे लागेल: २०१८ मध्ये, नापास न करण्याचे कलम जसेच्या तसे असताना, ते पुन्हा ५० च्या वर गेले. धाक परत आला नव्हता, वाचन मात्र सुधारले होते. त्याच वर्षी तिसरीत दुसरीची गोष्ट वाचणारी मुले शंभरात सत्तावीसच होती. गाडी तिसरीच्या आधीच रुळावरून उतरते आणि आपण पाचवीच्या फाटकावर परीक्षेचा शिपाई उभा करतो.

मग रोग कोणता? त्याचे उत्तर मुंबईच्या महापालिका शाळांत आणि बडोद्यात शोधले गेले. ‘प्रथम’ने तिथे ‘बालसखी’ योजना चालवली. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली. प्रशिक्षण दोन आठवड्यांचे, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि तिसरीचा धडा बाजूला ठेवून अक्षरे, शब्द, अंक यांवर परत जात. कोणत्या शाळेत तिसरीला आणि कोणत्या शाळेत चौथीला बालसखी मिळणार हे सोडतीने ठरत असल्याने तुलना चोख होती. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये निष्कर्ष छापले: पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने.

पण माझ्या मते त्या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गाची पटसंख्याही घटली. तिथे पगारी, पदविकाधारक शिक्षक होते आणि आता समोर मुले कमी होती. त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत काहीच फरक पडला नाही. फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्यांचा. यावरून शिक्षकांना नावे ठेवायचे कारण नाही. त्यांना पाठ्यपुस्तक संपवायचे असते, तपासणीही त्याचीच होते, आणि पाठ्यपुस्तक गृहीत धरते की मागचे सगळे आले आहे. ५२ मधून २७ वजा करताना हातचा का घ्यायचा हे ज्याला उमगले नाही, त्याच्यासमोर फळ्यावर भागाकार चालू असतो. तो खाली मान घालून उतरवून घेतो. बाहेरून ते अभ्यासासारखेच दिसते.

बालसखीची किमया मी वाढवून सांगत नाही. योजना थांबल्यावर वर्षभराने मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले होते. परत त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर मुलाला बसवले, तर दुसरे काय होणार?

आता ‘परत त्याच वर्गात’ हाच तर प्रतिपक्षाचा उपाय आहे. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गॅनिमियन यांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासातली सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. अभ्यासातल्या मुलांपैकी सर्वांत मागच्या तिसऱ्या हिश्श्याने सुमारे साडेचार महिने फक्त नेहमीच्या शाळेत काढले, तेव्हा गुणांत मोजण्यासारखी वाढच दिसली नाही. ज्या वर्गातून शून्य मिळाले तोच वर्ग पुन्हा दिला, तर बेरीज शून्यच येते.

परदेशातला अनुभवही पाहण्यासारखा आहे. शिकागोने १९९६ मध्ये ढकलपास बंद केले आणि तिसरी, सहावी, आठवीला चाळणी लावली. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांच्या हिशेबात नापास केल्याने सहावीतल्या मुलांना काही हाती लागले नाही, आणि आठवीत अडकलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. उरुग्वेतही मार्को मानाकोर्दा यांना तेच दिसले. नापास झालेली मुले पुढे शाळेत कमी वर्षे टिकली. आपल्याकडे शाळा सुटलेली मुलगी कुठे जाते हे सांगायला संशोधक लागत नाही.

धाकाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो शिकागोतच दिसला. मेलिसा रॉडरिक आणि मिमी एंगेल यांनी त्या मुलांशी बोलून लिहिले आहे की चाळणीच्या भीतीने बरीच मुले अभ्यासाला लागली. जी लागली नाहीत त्यांची अभ्यासातली दरीच फार मोठी होती. काठावरच्याला धक्का दिला तर तो उडी मारतो. विहिरीत असलेल्याला वरून ओरडून काय सांगणार?

सध्याच्या तरतुदीत एक पळवाट, खरे तर एक खिडकी, आहे. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा द्यायची आहे. चर्चा व्हायला हवी ती या दोन महिन्यांची. त्यांत पाचवीचेच धडे पुन्हा घोटायचे, की मूल जिथे अडले त्या दुसरीच्या पायरीवर उतरायचे? बालसखींना ०.१४ मिळवायला अख्खे वर्ष लागले होते.

पायावर भर दिल्यावर काय दिसते तेही पाहू. ‘असर’नुसार सरकारी शाळांतल्या तिसरीत दुसरीची गोष्ट वाचणारी मुले २०१८ मध्ये शंभरात सुमारे २१ होती, कोविडनंतर २०२२ मध्ये १६ वर आली आणि २०२४ मध्ये २३ च्या पुढे गेली, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही वर. मधल्या काळात २०२१ पासून ‘निपुण भारत’खाली पायाभूत वाचन-गणितावर भर दिला गेला. श्रेय नेमके कोणाला किती, यावर वाद घालता येईल. तिसरीत नापास मात्र तेव्हाही कोणी कोणाला करत नव्हते.