पिकअपचं तोंड खाली बसलंय? घरी काय करता येतं आणि कुठं थांबायचं

तुंगार्ली (ता. मावळ) : पावसाळा सरला की आपल्या भागातल्या पिकअपची हालत कळते. चार महिने खड्डे, चिखल आणि सततचं पाणी. त्यात भाताची पोती, दुधाचे कॅन, सिमेंट, वाळू, सगळा भार त्याच गाडीवर. मग कुणाची गाडी पुढून बसलेली दिसते, कुणाची एका बाजूला कललेली. "पुढचं जरा उचलून सरळ करून घे" असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात आणि मोबाईलवर व्हिडिओही भरपूर आहेत. त्यातले बरेच व्हिडिओ अमेरिका, ऑस्ट्रेलियातले. तिकडं पुष्कळ लोक पिकअप घरच्या कारसारखी रिकामीच वापरतात. आपली गाडी मालाची आहे आणि घाट उतरणारी आहे. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी ही माहिती वाचा.

रिकामी गाडी पुढून खाली का दिसते?

रिकामी पिकअप मागून थोडी वर असणं हा दोष नाही. कंपनीनेच ती तशी बनवलेली असते. हौद्यात माल पडला की भार मुख्यतः मागच्या पाट्यांवर येतो. समजा, माल भरल्यावर मागची बाजू ७ सेंमी खाली गेली आणि पुढची फक्त १ सेंमी. म्हणजे मागच्या मानाने तोंड ६ सेंमी वर आलं. हा हिशोब धरूनच रिकाम्या गाडीचं तोंड खाली ठेवलेलं असतं.

आता रिकामी गाडी सरळ दिसावी म्हणून पुढचं ५ सेंमी उचललं, तर भरलेली गाडी मागं बसून तोंड वर करून चालणार. स्टेअरिंग हलकं पडतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि डिपरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

उजेडाचं गणित सोपं आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण ३ मीटर धरा. पुढचं ३ सेंमी उचललं म्हणजे गाडीचा कल १०० ला १ ने बदलला. डिपरचा झोतही साधारण तेवढाच, १० मीटरला १० सेंमी, खाली उतरता ठेवलेला असतो. म्हणजे नुसत्या ३ सेंमीत तो उतार संपला. रात्री खंडाळ्याच्या घाटात, धुक्यात आणि पावसात समोरच्या दुचाकीवाल्याला दिसेनासं व्हायला एवढं पुरे.

म्हणून नियम एकच ठेवा : बसलेली गाडी मूळ उंचीवर आणायची, मूळ उंचीच्या वर न्यायची नाही.

आधी मापं घ्या

डोळ्याने ठरवू नका. तुंगार्लीसारख्या चढउताराच्या गावात सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम. देवळापुढची फरशी किंवा गिरणीचा ओटा बघा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी लावून जागा खरंच सपाट आहे का ते पाहा.

१. चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरा. तो आकडा बहुतेक दाराच्या कडेला चिकटवलेला असतो. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी कललेली दिसते.

२. हौदा रिकामा करा. जॅक, साखळ्या, ताडपत्री नेहमीच्या जागी राहू द्या.

३. गाडी थोडी पुढं-मागं घेऊन उभी करा, चारही कोपऱ्यांवर दाबून हलवा आणि सोडा.

४. पुढं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आणि मागं चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. जमिनीपासून माप घेतलं तर टायरची झीज त्यात मिसळते.

५. नेहमीचा माल भरल्यावर हीच चार मापं पुन्हा घ्या आणि वहीत तारीख घालून लिहा.

डाव्या-उजव्यात एखाद्या सेंटिमीटरचा फरक असतोच, कारण डिझेल टाकी आणि ड्रायव्हरचं वजन एका बाजूला असतं. फरक दोन सेंमीच्या आसपास गेला तर काहीतरी तुटलंय किंवा बसलंय असं समजा. त्याच मॉडेलची, त्याच टायरची नवी गाडी ओळखीत असेल तर तिची मापं घेऊन ताडून बघा. मूळ उंची कळायला तो सर्वांत सोपा मार्ग.

खाली वाकून बघा : तुमच्या गाडीला काय आहे?

पाटे : बऱ्याच मालवाहू पिकअपला आणि टाटा एस म्हणजे आपल्या छोट्या हत्तीलाही पुढंसुद्धा पाटेच असतात.

टॉर्शन बार : चासीच्या कडेने जाणारा लांब गोल दांडा. त्याचं एक टोक चाकाच्या आर्मला असतं, दुसरं आडव्या बीममध्ये. दांड्याला पीळ बसतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. जुनी टाटा सुमो, टाटा झेनॉन यांना हा प्रकार आहे.

कॉइल स्प्रिंग : गोल वेटोळ्यांची स्प्रिंग, मध्ये किंवा शेजारी शॉकअप. इसुझू डी-मॅक्सला पुढं ही असते.

एक गैरसमज काढून टाका. शॉकअप गेला म्हणून गाडी सहसा बसत नाही. शॉकअप गाडीचं उडणं थांबवतो, भार स्प्रिंग किंवा पाटे उचलतात. शॉकअपमधून तेल गळत असेल तर तो बदलावा लागेलच, पण त्याने उंची परत येईल असं समजू नका.

जॅक लावताना

या कामात जीव जातो तो इथं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आपली जमीन पावसाळ्यात आणि नंतरही कितीतरी दिवस मऊ असते, जॅक एका बाजूने रुततो आणि गाडी घसरते. काँक्रीटवर काम करा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा ओंडके लावा, हँडब्रेक ओढा. गाडी उचलली की चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी लावा. विटा, पोकळ ब्लॉक चालणार नाहीत, ते एकदम फुटतात. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. एकट्याने हे काम करू नका.

पाटे असतील तर

तारेच्या ब्रशने चिखल आणि गंज काढा. प्रत्येक पाटा बॅटरीच्या उजेडात तपासा. तडा बहुतेक मधल्या बोल्टजवळ किंवा टोकाच्या डोळ्याजवळ असतो. शॅकलचे बुश खाल्लेत का, यू-बोल्ट ढिले आहेत का, सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय का हे बघा. ढिला यू-बोल्ट घट्ट करणं आणि ग्रीस भरणं एवढं घरी होतं. यू-बोल्ट चौकटीत, समोरासमोरचे थोडे थोडे असे आवळा आणि माल घेऊन एक फेरी झाली की पुन्हा तपासा.

पाट्यांची कमान गेली असेल तर ते काम पाटेवाल्याचं. दोन्ही बाजूंचे पाटे एकत्रच करून घ्या. एकाच बाजूला नवा पाटा टाकला तर गाडी कलते. पाट्याला वेल्डिंग तर मुळीच नको. उष्णतेने त्याचं पाणी उतरतं आणि तो पुढच्या खड्ड्यात तुटतो.

टॉर्शन बार असेल तर

घरी उंची लावता येते ती याच प्रकारात. दांड्याच्या टोकाला बीमजवळ एक लांब बोल्ट असतो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवा. किती आटे बाहेर आहेत ते मोजा, रंगाने खूण करा, फोटो काढा. गाडी उचलून पुढची चाकं लोंबकळू द्या, म्हणजे बोल्टवरचा ताण कमी होतो. मग एक पूर्ण फेरा आवळा. गाडी खाली घ्या, थोडी चालवून आणा, माप घ्या. बोल्ट सारखाच फिरवला तरी दोन्ही बाजू सारख्या उचलतील असं नाही. म्हणून विश्वास टेपवर ठेवा.

बोल्ट आवळल्याने दांडा जास्त ताकदीचा होत नाही, फक्त उंची वाढते. मूळ उंचीच्या वर गेलात तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट तिरका चालतो आणि खड्ड्यात ठोका बसतो. बोल्ट संपत आला तरी गाडी उचलत नसेल तर दांडा थकलाय. तो बदला.

कॉइल स्प्रिंग असेल तर

घरी हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते. स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबर किंवा लाकडाची गुटकी ठोकणं हा उपाय नाही, तिथंच स्प्रिंग तुटते.

काम झाल्यावर

उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट करून घ्याच. नाहीतर टायर एका कडेने खातो आणि नव्या टायरचा खर्च अंगावर येतो.

मग लाइट. नेहमीचा माल भरून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरच्या झोताची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंमी खाली पडली पाहिजे. डॅशबोर्डवर लाइट वर-खाली करायचं छोटं चाक असेल तर माल भरल्यावर आकडा वाढवायचा आणि रिकामं झाल्यावर शून्यावर आणायचा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. थकलेला पाटा बदलून मूळ उंची आणणं ही दुरुस्ती झाली. ठोकळे टाकून गाडी उंच करणं हा बदल झाला आणि तो पासिंगला नडू शकतो. मालवाहू गाडीचं पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं.

पाटे बसायचं मोठं कारण जादा माल हेच आहे. जादा पाटा टाकला म्हणून आरसी बुकातली वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक, एक्सल, टायर तेच राहतात. कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो.

वहीतली मापं वर्षातून दोनदा ताडून बघा, मे अखेरीस एकदा आणि भात झोडून झाल्यावर एकदा. एका बाजूचा आकडा कमी होत चालला की पाटा तुटायच्या आधीच कळतं, आणि गाडी भर घाटात बसण्याऐवजी दारात उभी असतानाच दुरुस्त होते.