दिल्लीत माणसे किती? एका सीमारेषेचा इतिहास

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सर्वांत मोठा नागरी समूह मुंबईचा होता. त्याची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख होती, तर दिल्लीची १ कोटी ६३ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात मात्र हा क्रम उलटा आहे. तेथे २०१० सालासाठीच दिल्लीला सुमारे २ कोटी २० लाख लोकसंख्या दिली आहे आणि ती मुंबईच्या पुढे आहे. एकाच शहराच्या, जवळजवळ एकाच काळाच्या या दोन आकड्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसांचे अंतर पडले, ते कसे?

पहिला संशय जनगणनेच्या अचूकतेवर येतो. काही माणसे मोजणीतून सुटतात, हे खरेच आहे. म्हणूनच जनगणनेनंतर नमुना तपासणी केली जाते. २०११ च्या तपासणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसे सुटल्याचे आढळले आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक होते. पण हजारी २३ हे प्रमाण दिल्लीला लावले, तर सुटलेली माणसे चार लाखांच्या आसपास भरतात. पन्नास लाखांचा उलगडा त्यातून होत नाही. त्याचे कारण शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात सापडते.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी दिल्ली पंजाबातून काढून स्वतंत्र प्रांत करण्यात आला आणि १९१५ मध्ये यमुनेपलीकडची, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील ६५ गावे त्यास जोडली गेली. आजच्या दिल्लीची पूर्व सीमा प्रामुख्याने तेव्हा ठरली. १९११ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या जेमतेम सव्वाचार लाख होती. शहर एक दिवस या रेषेपर्यंत पोहोचेल, हा विचार तेव्हा कोणाला सुचण्यासारखा नव्हता.

शहर पोहोचले, आणि रेषा ओलांडून पुढेही गेले. १९४१ मध्ये ९ लाख १८ हजार असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. फाळणीनंतर आलेल्या सुमारे पाच लाख निर्वासितांचा या वाढीत मोठा वाटा होता. पुढील दशकांत फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा आणि गुडगाव वाढत गेले. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय राजधानी प्रदेश नियोजन मंडळ स्थापन केले, म्हणजे दिल्लीचा विचार तिच्या शेजाऱ्यांसह करावा लागेल, हे शासनाने मान्य केले. मोजणीची पद्धत मात्र बदलली नाही. एकमेकांना लागून असलेली शहरे जनगणना एका नागरी समूहात धरते, पण तो समूह राज्याची हद्द ओलांडत नाही.

या नियमाचा परिणाम दोन महानगरांवर अगदी वेगळा होतो. ठाणे, कल्याण-डोंबिवली व नवी मुंबई ही सारी महाराष्ट्रातच असल्याने मुंबईच्या समूहात मोजली जातात. (तरी वसई-विरारची सव्वाबारा लाख माणसे २०११ मध्ये त्याबाहेरच राहिली.) दिल्लीत आनंद विहार आणि कौशांबी ही मेट्रोची लागोपाठची स्थानके आहेत, पण पहिले दिल्लीत व दुसरे उत्तर प्रदेशात. त्यामुळे कौशांबीचा रहिवासी रोज दिल्लीत कामाला जात असला, तरी जनगणनेच्या लेखी तो गाझियाबादचा. २०११ मध्ये गाझियाबादेत सुमारे २३.५ लाख, फरिदाबादेत १४ लाख, गुडगावात ९ लाख आणि नोएडात साडेसहा लाखांच्या आत लोक होते. ही बेरीज ५३ लाखांच्या घरात जाते. ती दिल्लीच्या आकड्यात मिळवली की २ कोटी १६ लाख होतात आणि संयुक्त राष्ट्रांचा आकडा जवळजवळ हाती येतो, कारण त्यांनी ही लगतची शहरे हिशेबात धरली होती.

हद्दीनंतर प्रश्न येतो काळाचा. जनगणना एका क्षणाची असते. २०११ मध्ये तो क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा होता. त्यानंतरचा प्रत्येक आकडा हा मागील वाढीवरून काढलेला अंदाज आहे. १९९१ ते २००१ या दशकात दिल्ली ४७ टक्क्यांनी वाढली होती. तोच वेग पुढे धरला असता, तर २०११ मध्ये २ कोटी ४ लाख लोक दिसायला हवे होते. प्रत्यक्षात वाढ २१ टक्के झाली आणि १ कोटी ६८ लाख मोजले गेले. (हा आकडा ग्रामीण भागासह संपूर्ण दिल्लीचा आहे.) गणिताची रीत बिनचूक असूनही अंदाज सुमारे ३६ लाखांनी चुकला असता.

२०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मोजपट्टीच बदलली. देशोदेशींच्या व्याख्या बाजूला ठेवून, चौरस किलोमीटरमागे किमान १,५०० वस्ती असलेले आणि एकूण किमान ५० हजार लोकांचे सलग क्षेत्र म्हणजे शहर, असे ठरवले. या नव्या पट्टीने दिल्ली ३ कोटींच्या आसपास भरली. जुन्या पद्धतीच्या २०१८ मधील अंदाजाने २०२५ साठी हाच आकडा सुमारे साडेतीन कोटी सांगितला होता.

हा वाद केवळ क्रमवारीचा असता, तर अभ्यासकांवर सोपवून चालले असते. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यांची लाभार्थी-मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली. दिल्लीसाठी ती सुमारे ७२ लाख ७८ हजार आहे. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०२१ साठी दिल्लीची लोकसंख्या २ कोटी ६ लाख अंदाजिली, म्हणजे २०११ पेक्षा ३८ लाखांनी अधिक, तरीही मर्यादा तीच राहिली. ती पूर्ण भरली की नवे नाव घालण्यासाठी जुने नाव वगळावे लागते. अंदाजात ज्याची गणना झाली, त्याला धान्य मिळेलच असे नाही, कारण धान्य मोजणीवर ठरते.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. त्या मोजणीनंतर दिल्लीचे नवे आकडे येतील आणि तेही एकमेकांशी जुळणार नाहीत. तेव्हा प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत : हद्द कोणती, दिवस कोणता, आणि माणसे मोजली की अंदाजिली?