अजरखचा उदीम

एखादी हस्तकला लयाला गेली की तिचा दोष यंत्राच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. यंत्र घटकाभरात ताग्यांमागून तागे छापून काढते आणि हाताचे काम मागे पडते, हे खरेच आहे. परंतु कारागिरांच्या वस्तीचा इतिहास जरा जवळून पाहिला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. कलेच्या अंताची सुरुवात बहुधा कारागिराच्या हातापासून होत नाही. ती गिऱ्हाइकाच्या खांद्यापासून होते. ज्याच्या अंगावर ते वस्त्र शोभावयाचे, त्यानेच ते उतरवून ठेवले की लाकडी ठसे कोनाड्यात जाऊन पडतात. मग कारागिरापुढे दोनच वाटा उरतात. एक तर धंदा सोडावयाचा, किंवा नवे गिऱ्हाईक शोधावयाचे. कच्छमधील धमडका गावच्या खत्री छापकारांनी यांपैकी दुसरी वाट धरली. ती त्यांनी कशी चोखाळली आणि तिच्यासाठी काय राखले, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

ते ज्या वस्त्रासाठी प्रसिद्ध आहेत त्याचे नाव अजरख. गडद निळा आणि माणकासारखा लाल या दोन रंगांची भूमी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांनी आखलेल्या तारका, वर्तुळे आणि वेलबुट्टी, असे त्याचे रूप असते. निळ्या रंगाला अरबीत ‘अझरक’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. छापकारांच्या घरी मात्र दुसरी व्युत्पत्ती ऐकावयास मिळते : ‘आज रख’, म्हणजे आजचा दिवस राहू दे. शब्दशास्त्राच्या कसोटीला ती उतरो वा न उतरो, या कामाचा स्वभाव तिने अचूक पकडला आहे. प्रत्येक पायरीनंतर कापड थांबवून ठेवावे लागते आणि घाई करणाऱ्याच्या हाती रंग लागत नाही.

या विद्येची मुळे फार खोल गेलेली आहेत. १९२० नंतरच्या दशकात मोहेंजोदडो येथे जे उत्खनन झाले, त्यात मंजिष्ठाच्या कुळातील वनस्पतीने रंगविलेल्या सुती कापडाचा अवशेष मिळाला. सिंधूच्या खोऱ्यात सुताला पक्का लाल रंग चढविण्याचे ज्ञान चार हजार वर्षांपूर्वीही होते, याचा तो पुरावा होय. पुढे मध्ययुगात गुजरातेत छापलेले सुती कापड समुद्रमार्गे इजिप्तपर्यंत जात असे. कैरोजवळील फुस्तात या जुन्या नगरात अशा कापडाचे पुष्कळ तुकडे सापडले. आज ते ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात व इतरत्र जतन केलेले आहेत. त्यांतील कित्येकांचे रंग आणि आकृती पाहून कच्छच्या छापकाराला आपल्याच घरचे काम पाहिल्यासारखे वाटावे, इतके ते साम्य आहे. म्हणजे परदेशी बाजारपेठ ही या कलेला नव्याने लाभलेली गोष्ट नव्हे.

धमडक्याचे खत्री मूळचे सिंधमधले. कच्छचे राव भारमल पहिले यांच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांचे पूर्वज राजाश्रयाने कच्छमध्ये आले, असे त्यांची परंपरा सांगते. वसाहतीसाठी त्यांनी धमडका निवडले ते सारण नदीच्या वाहत्या पाण्यासाठी. छापकाराला जमीन लागते ती कापड वाळत घालण्यापुरती. त्याची खरी शेती पाण्यात असते.

असे का, हे समजण्यासाठी अजरख कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. कोरे कापड आधी धुऊन त्यातील खळ काढतात. मग एरंडेल, खार आणि उंटाची लीद यांच्या मिश्रणात ते भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवतात. त्यानंतर त्याला हिरड्याचे पाणी देतात. सह्याद्रीच्या रानांत विपुल आढळणारा हा हिरडा आपण औषधी म्हणून ओळखतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने तो कापडाला रंग धरावयास शिकविणारा गुरू आहे. मग सागवानी ठशांनी चुना आणि डिंक यांची रेघ उमटवितात. जेथे ही रेघ पडली तेथे रंग शिरत नाही व शेवटी पांढरे नक्षीकाम उरते. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवितात आणि चिंचोक्याच्या पुडीने ते दाट करतात. लाल रंगाच्या जागी तुरटी छापतात. ज्या जागा निळ्या होऊ द्यावयाच्या नाहीत त्या मातीच्या लेपाने झाकतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरवितात आणि मग कापड निळीच्या हौदात बुडवितात. शेवटी मंजिष्ठादी मुळांच्या उकळत्या पाण्यात ते घातले, की तुरटीच्या जागी लाल आणि लोखंडाच्या जागी काळा रंग उजळून येतो. उत्तम अजरखमध्ये हे सारे दोन्ही अंगांनी छापलेले असते आणि एका बाजूची रेषा दुसऱ्या बाजूच्या रेषेवर तंतोतंत बसते. एका कापडाला असे दोन-तीन आठवडे लागतात आणि त्यात पुनःपुन्हा धुणे येते ते वेगळेच.

या कापडाचे पिढीजात गिऱ्हाईक म्हणजे बन्नीच्या कुरणांत गुरे राखणारे मालधारी. त्यांचे पुरुष अजरख कमरेला गुंडाळीत, खांद्यावर टाकीत, डोक्याला बांधीत. कोणत्या जमातीला कोणता नमुना हवा, लग्नसराईत किती माल लागेल, हे छापकाराला तोंडपाठ असे. विकणारा आणि घेणारा एकमेकांना नावाने ओळखत. जाहिरात नव्हती, दलाल नव्हता आणि भावाची घासाघीसही बेताचीच असावी, असा तो संबंध होता.

हा संबंध हळूहळू तुटत गेला. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या कुळातील मुळांत आढळणारे लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १८९७ पासून कृत्रिम नीळही कारखान्यांतून बाजारात आली. महिन्याची मेहनत वाचविणाऱ्या या पुड्या छापकारांनीही आपल्याशा केल्या, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर वनस्पतींच्या रंगांची जाण घराघरांतून ओसरू लागली. १९४७ मध्ये सिंध सरहद्दीच्या पलीकडे गेला व आप्तांशी आणि बाजाराशी असलेले जुने दळणवळण खुंटले. पाठोपाठ गिरण्यांचे छापील कापड आणि कृत्रिम धाग्यांचे वस्त्र बन्नीपर्यंत पोचले. ते स्वस्त होते, लवकर वाळत होते आणि धुवावयास सोपे होते. मालधाऱ्याने अजरख उतरविले ते कलेच्या द्वेषाने नव्हे. त्याला आपला संसार पाहावयाचा होता.

अशा वेळी बहुतेक धंदे एकाच उपायाकडे धावतात. माल हलका करावयाचा, पायऱ्या गाळावयाच्या आणि भाव उतरवावयाचा. धमडक्याचे महंमद सिद्दिक खत्री यांनी याच्या नेमकी उलट दिशा घेतली. विस्मृतीत चाललेली वनस्पतिजन्य रंगांची विद्या त्यांनी पुन्हा हाती घेतली आणि अब्दुल रझाक, इस्माइल व अब्दुल जब्बार या आपल्या तिन्ही मुलांना ती शिकविली. वरवर पाहता हा भावनेचा निर्णय वाटतो, पण त्यात व्यवहाराचे शहाणपणही पुरेपूर होते. स्वस्ताईत गिरणीशी झुंज देणारा कारागीर आज ना उद्या हरणारच. गिरणीला जे साधत नाही तेच ज्याने विकावयास मांडले, त्याला निदान उभे राहावयास जागा तरी मिळते.

ही जागा मिळवून देण्यास काळही अनुकूल ठरला. १९७० नंतरच्या दशकात गुजरात राज्याच्या हस्तकला महामंडळाने ‘गुर्जरी’ या नावाने कारागिरांचा माल शहरांत नेण्यास आरंभ केला. अहमदाबादेत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील मंडळीही कच्छच्या गावांत येऊ लागली. नवे गिऱ्हाईक शहरात होते, मात्र त्याला कमरेला गुंडाळावयाचे वस्त्र नको होते. त्याला साडी हवी होती, ओढणी हवी होती, पलंगपोस आणि पडदे हवे होते. तेव्हा चौकटीत बंदिस्त असलेली नक्षी छापकारांनी मोकळी केली, किनारीचे प्रमाण बदलले, सुताच्या जोडीला रेशीम आणि लोकर घेतली. बदलले नाही ते एकच. हिरडा, चुना, लोखंड, तुरटी, नीळ आणि मूळ यांचा क्रम त्यांनी जसाच्या तसा ठेवला. नव्या गिऱ्हाइकाला या क्रमाची ओळख करून देणे हादेखील मग धंद्याचाच एक भाग झाला. मालधाऱ्याला भाव समजावून सांगावा लागत नसे, कारण कापड पाहताच त्याला त्यातील कष्ट दिसत. शहरवासीयाला ते कष्ट दाखवावे लागतात. ज्याला ते दिसले, तोच तीन आठवड्यांचे मोल देतो.

हा घाट चढत असतानाच पायाखालची जमीन सरकली. आधी पाण्याने दगा दिला. १९८० नंतरच्या दशकात सारण नदीचे पात्र कोरडे पडले आणि वाहत्या पाण्याची जागा विहिरींनी घेतली. त्यानंतर २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये महाभूकंप झाला. त्यात सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि धमडक्यातही मोठी हानी झाली. जे उरले त्यांच्यापुढे आणखी एक संकट उभे राहिले. धरणीच्या हालचालीनंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले होते. जो रंगारी काळ्या रंगासाठी मुद्दाम लोखंड आंबवितो, त्याच्या साऱ्याच पाण्यात लोखंड उतरले तर त्याचा लाल रंग लाल राहत नाही. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजच्या पूर्वेस जमीन घेऊन नवे गाव वसविले आणि त्याला नाव दिले अजरखपूर. काही कुटुंबे जुन्या गावातच राहिली. गावाला देवाचे वा राजाचे नाव देण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. आपल्या कापडाचे नाव गावाला देणाऱ्यांचा त्या कापडावर किती भार असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

यानंतरची वाटचाल शिक्षणाच्या अंगाने झाली. २००३ मध्ये लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने इस्माइल खत्री यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २००५ मध्ये ज्यूडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने कच्छमध्ये ‘कला रक्षा विद्यालय’ सुरू झाले. पुढे २०१४ मध्ये, मुंबईत विद्यासंस्था उभारणाऱ्या सोमैया घराण्याच्या आश्रयाने, आदिपूर येथे ‘सोमैया कला विद्या’ ही संस्था निघाली. येथे कारागिरांना कसब शिकविले जात नाही, कारण ते तर त्यांच्या हातातच असते. रंगसंगतीचा विचार, संग्रहाची आखणी, किंमत ठरविणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे हे विषय त्यांना शिकविले जातात. आकृती शहरातल्या कोणी काढावी आणि खेड्यातल्या हाताने ती नुसती उमटवावी, ही वाटणी मोडावी, असा त्यामागील हेतू आहे. मजूर आणि कलावंत यांच्यात अंतर असते ते बहुधा येथेच : निर्णय कोणाचा आणि नाव कोणाचे.

तथापि यशाची स्वतःची संकटे असतात. अजरख लोकप्रिय होताच त्याच्या नकला यंत्रावर छापल्या जाऊ लागल्या, आणि त्या खऱ्या मालाच्या अल्पांश किमतीत मिळतात. २०२४ मध्ये ‘कच्छ अजरख’ला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. पण कायदा नावाचे रक्षण करतो, नजरेचे नाही. नक्कल ओळखणारी नजर घेणाऱ्यापाशीच असावी लागते. दुसरी चिंता पाण्याची. कच्छसारख्या तहानलेल्या मुलखात जितके कापड अधिक, तितका उपसा अधिक, आणि रंगीत सांडपाण्याचा प्रश्नही तितकाच बिकट. नदी हरवलेल्या या लोकांना विहीर हरवून चालणार नाही.

धमडका आणि अजरखपूर यांच्या इतिहासातून जो बोध मिळतो तो साधाच आहे. कलेवरील प्रेम एकट्याने पोट भरीत नाही, आणि नुसत्या पोटाच्या मागे लागलेली कला फार दिवस कला राहत नाही. या छापकारांनी गिऱ्हाईक बदलले, वस्त्राचा आकार बदलला, प्रसंगी गावही बदलले. परंतु कापडाला थांबावयास लावणारी ती जुनी रीत त्यांनी विकावयास काढली नाही. आज दिल्ली, मुंबई वा कोलकात्याच्या एखाद्या दुकानात अजरखची घडी उलगडणाऱ्याने तिची दुसरी बाजू अवश्य पाहावी. तेथेही तीच नक्षी तितक्याच निगुतीने उमटलेली असेल, तर त्यामागे कोणीतरी, आजचा दिवस राहू दे, असे म्हणून थांबलेले आहे.